गोल, मोटिव्हेशन आणि सेंधव्याला अडकलेली गाडी

मागच्या आठवड्यात ताईचा फोन. "ह्याचा बुधवारी इंटरव्ह्यू आहे पिथमपूरला, तू जरा बघ ना, तू तर घेतेस ना लोकांचे." (पिथमपूर म्हणजे आमच्या इंदूरशेजारची कारखान्यांची वसाहत.) आता घेते म्हणजे काय, मी आमच्या कंपनीत डिस्पॅच बघते, आणि आमच्या डिपार्टमेंटला कोणी नवीन घ्यायचा असला की एचआरवाली मुलगी, प्लांटचे साहेब आणि तिसरी खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून मी, असे तिघं बसतो. पण ताईला हे सांगून उपयोग नसतो. तर रविवारी सकाळी भाचेबुवा राजेंद्रनगरहून सुदामानगरला हजर, एका हातात फाइल, दुसऱ्या हातात जलेबीचा पुडा. पोहे मी केलेच होते, इंदूरात पोहे घरी झाले तरी जलेबी बाहेरूनच यावी लागते, आणि वर जीरावन मसाला नसेल तर ते पोहेच नाहीत, असो.

पोह्यांच्या बशा बाजूला सारल्या, मी चष्मा लावला, आमच्या साहेबांसारखा घसा खाकरला आणि विचारलं, "सो टेल मी, व्हॉट आर युवर गोल्स?"

आणि बाबा सुरू झाला. "मॅम, माय शॉर्ट टर्म गोल इज टु गेट अ जॉब इन अ रेप्युटेड ऑर्गनायझेशन व्हेअर आय कॅन युटिलाइज माय स्किल्स, अँड माय लाँग टर्म गोल इज टु रीच अ रिस्पेक्टेबल पोझिशन." एका श्वासात, डोळे पंख्याकडे. आपण लहानपणी पाहुण्यांसमोर रामरक्षा म्हणायचो ना, तसं, मधे थांबलं की पुढचं विसरेल.

मी हसले नाही, कारण हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता हसू येत नाही. मागच्या मार्चमध्ये आम्ही एका दिवसात अकरा मुलं बसवली होती, त्यातल्या आठांनी हेच सांगितलं, शब्दांची जागा सुद्धा बदलली नाही, आणि आठव्याच्या वेळी एचआरवालीने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

मग मोटिव्हेशन. "आय ॲम अ सेल्फ मोटिव्हेटेड पर्सन." बरं. मग रोजचं काम कसं करतोस, त्यावर "आय ॲम पंक्च्युअल, आय मेक टु-डू लिस्ट अँड आय प्रायोरिटाइज माय टास्क्स." मी म्हटलं, दाखव. म्हणे काय? म्हटलं लिस्ट, आजची नाही तर कालची दाखव, तू करतोस ना रोज. तर तो जलेबी खायला लागला.

बिचाऱ्याला नावं ठेवायचा मला काही हक्क नाहीये हे पण सांगून टाकते. २००६ साली माझा पहिला इंटरव्ह्यू होता, एका ऑफिसात अकाउंट्स असिस्टंटचा, वेळ साडेदहाची, आणि माझा टेंपो पलासियाला बंद पडला तो पडलाच, पुढचं मी चालत, घामाघूम, ओढणीने तोंड पुसत पोचले तेव्हा दहा पन्नास झाले होते. आत गेले, त्यांनी विचारलं तुमच्या स्ट्रेंग्थ सांगा, आणि माझ्या तोंडातून पाठ केलेलं बाहेर आलं, "आय ॲम हार्ड वर्किंग अँड पंक्च्युअल." समोरच्या गृहस्थांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मी पण बघितलं, आणि मग आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता, त्याला मी म्हटलं होतं कंपनी सेक्रेटरी. ती परीक्षा माझ्याकडून कधी झालीच नाही. नोकरी पण अर्थातच मिळाली नाही, उशीर झाला म्हणाले असते तर बरं वाटलं असतं, काहीच म्हणाले नाहीत.

तर बशा उचलल्या, चहा टाकला आणि स्वयंपाकघरातूनच, काही ठरवून नाही, ओरडून विचारलं, "अरे पण तू दिवसभर करतोस तरी काय रे त्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे?"

हा प्रश्न आपल्याकडे प्रत्येक आई रोज विचारते, उत्तराची कोणाला अपेक्षा नसते. पण तो बोलायला लागला. मराठीत, म्हणजे आमच्या इंदुरी मराठीत, ज्यात "मी करून राहिलोय" असतं आणि पुण्याची चुलतबहीण ऐकून पोट धरून हसते ते. आणि मी चहा उतू जाईपर्यंत ऐकत राहिले.

देवास नाक्याजवळ एका ट्रान्सपोर्टरकडे तो दोन वर्षं आहे. बिल्टी म्हणजे मालाची पावती बनवायची, ई-वे बिल बघायची, गाडी पोचली की सही-शिक्क्याची पीओडी म्हणजे माल मिळाल्याची पोच मागवायची, हे काम. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पन्नास हजारांवरचा माल गाडीत चढला की साधारणपणे जीएसटीचं ऑनलाइन ई-वे बिल लागतं आणि त्याला मुदत असते, दर २०० किलोमीटरला किंवा त्याच्या राहिलेल्या तुकड्याला एक दिवस. इंदूर-भिवंडी म्हणजे तीन दिवस. मुदत संपलेलं बिल घेऊन गाडी रस्त्यात धरली गेली तर कराच्या दुप्पट दंडापर्यंत जातं, आणि गाडी उभी राहते ते वेगळंच, आणि उभ्या गाडीचे पैसे कोणी द्यायचे ह्यावरून पुढे पंधरा दिवस भांडणं.

"तर मावशी, गुरुवारी संध्याकाळी गाडी भरली, बिल रविवारी रात्री बारापर्यंत. आणि गाडी मुंबई रोडवर सेंधव्याच्या अलीकडे क्लच जाऊन बसली. शुक्रवारी रात्रीपासून. सगळ्यांना माहीत होतं गाडी उभी आहे, मालकाला, मला, पार्टीला, सगळे क्लच प्लेट कधी येणार एवढंच विचारून राहिले होते, बिलाचं कोणाच्या डोक्यातच नाही. रविवारी मी मित्रांबरोबर सराफ्यात खायला गेलेलो, हातात भुट्ट्याच्या किसाचा दोना, साडेदहाला ड्रायव्हरचा फोन, भैया गाडी तो बन गई, निकल रहा हूँ, पर बिल तो आज रात तक का ही है।"

मग तो दोना तसाच दुकानाच्या कट्ट्यावर ठेवला, गर्दीतून बाहेर राजवाड्याकडे आला कारण सराफ्यात नेटवर्क नव्हतं येत, आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून मोबाइलवर मुदत वाढवून घेतली, कारण काय, गाडी आत्ता कुठे आहे, अजून किती किलोमीटर राहिले, सगळं भरून. अकरा वाजून दहा मिनिटांनी नवीन मुदतीचं बिल ड्रायव्हरच्या व्हॉट्सॲपवर. परत गेला तर कीस थंड, आणि मित्र गराडू खाऊन पुढे निघून गेलेले.

"आणि तेव्हापासून," तो म्हणाला, "मी फोनमध्ये चारचा अलार्म लावलाय."

मी विचारलं चारचाच का?

"कारण मुदत संपायच्या आठ तास आधीपासून वाढवता येते. बारा वजा आठ. रोज चारला मी रस्त्यावरच्या सगळ्या गाड्यांची यादी काढतो, आज रात्री कोणाचं बिल संपून राहिलंय, आणि एकेका ड्रायव्हरला फोन करतो कुठे आहेस. बारानंतर पण आठ तास मिळतात, पण तेव्हा मी झोपलेलो असतो ना."

आता सांगा. हाच मुलगा दहा मिनिटांपूर्वी माझ्यासमोर बसून आय प्रायोरिटाइज माय टास्क्स म्हणत होता! मी त्याला म्हटलं अरे गाढवा, हीच तुझी टु-डू लिस्ट, फोन काढ, अलार्म दाखव. दाखवला. १६:००, खाली नाव लिहिलं होतं "सेंधवा". मी इतकी वर्षं पॅनलवर बसते, मला कोणी असं काही सांगितलं असतं ना तर मी साहेबांकडे न बघता हो म्हटलं असतं.

मग मला वाटलं बाकीचे दोन प्रश्न पण असेच विचारून बघावे. इंग्लिशमध्ये "व्हॉट मोटिव्हेट्स यू" म्हटलं की मुलं डोळे वर करतात, मराठीत "तुला प्रेरणा कशातून मिळते" म्हटलं तर आणखीनच शाळेतला निबंध, प्रेरणा वगैरे शब्द आपण सत्काराच्या भाषणात वापरतो, सकाळी साडेसातला कंपनीची बस पकडताना कोणाला प्रेरणा होते? आपल्याकडे त्याला चांगला शब्द आहे, हुरूप. मी विचारलं, "कामाचा हुरूप कधी येतो रे तुला? म्हणजे कुठल्या दिवशी घरी येऊन आईला आपणहून काही सांगतोस?"

तो जरा गप्प बसला, मग म्हणाला, "ड्रायव्हर जेव्हा मालकाला सोडून मला फोन करतो तेव्हा." म्हणजे आधी सगळे ड्रायव्हर काही अडलं की थेट मालकाला लावायचे, ऑफिसातल्या पोराला कोण विचारतं. सेंधव्यानंतर त्या ड्रायव्हरने बाकीच्यांना सांगितलं असावं, आता अडलं की ह्याला लावतात. हे सांगताना तो पंख्याकडे बघत नव्हता.

इथे मला आमच्या कंपनीने करवलेलं दोन दिवसांचं ट्रेनिंग आठवलं, ज्यात जेवण छान होतं आणि बाकी फारसं काही लक्षात नाही, पण एक राहिलं आणि मग मी घरी येऊन ते वाचलं पण. हर्झबर्ग म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होता, त्याने पिट्सबर्गच्या आसपासच्या दोनशेच्या वर इंजिनीअर आणि अकाउंटंट लोकांना विचारलं होतं, निष्कर्ष १९५९ मध्ये छापले. त्याने तुम्हाला कशाने मोटिव्हेशन मिळतं असं विचारलंच नाही. त्याने विचारलं, कामावर तुम्हाला खूप छान वाटलं होतं असा एखादा प्रसंग सांगा, आणि खूप वाईट वाटलं होतं असा पण सांगा. छान वाटलेल्या प्रसंगांत काम तडीस गेलं, कोणी दखल घेतली, जबाबदारी मिळाली, हे जास्त निघालं, आणि वाईट वाटलेल्यांत कंपनीचे नियम, वरच्याचा स्वभाव, असलं. पगार त्याने दुसऱ्या टोपलीत टाकला, म्हणजे कमी असला की माणूस कुरकुरतो पण पुरेसा असला म्हणून उड्या मारत नाही. ह्या पगाराच्या बाबतीत माझं त्याच्याशी जमत नाही, ज्याच्या डोक्यावर घराचा हप्ता आहे त्याला एक तारखेला किती हुरूप येतो ते आमच्या कॅन्टीनमध्ये येऊन बघा म्हणावं. पण प्रश्न विचारायची त्याची पद्धत एकदम बरोबर. एमबीएची मुलं इंटरव्ह्यूमध्ये हर्झबर्ग आणि मास्लोच्या पिरॅमिडची नावं घेतात, आणि हर्झबर्गने जे विचारलं होतं, एक प्रसंग सांगा, तेवढं सोडून सगळं सांगतात.

पगाराचं इंटरव्ह्यूत बोलू की नको, हे भाच्याने विचारलंच. मी म्हटलं लपवू नकोस, विचारलं तर सरळ सांग की सध्या इतका आहे, इतका हवाय, फक्त हुरुपाच्या उत्तरात तो पहिला नको घालूस. ह्यात काही तत्त्व नाही, समोर साहेब बसलेले असतात आणि त्यांचं इन्क्रिमेंट पण अडकलेलं असतं.

राहिला गोलचा. हा मला स्वतःलाच सगळ्यात फालतू प्रश्न वाटतो आणि तरी मी तो विचारते कारण आमच्या फॉर्मवर छापलेला आहे. मागे एक पन्नाशी पार केलेले गृहस्थ आले होते, साहेबांनी सवयीने विचारलं पाच वर्षांनी कुठे असाल, ते म्हणाले, "सर, रिटायर होऊन घरी." बरोबरच आहे की. आणि इंदूरात पाच वर्षांचा हिशोब कोणाला विचारता, हुकमचंद कापड मिल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली आणि कामगारांच्या देण्यांचे २२४ कोटी निघाले ते २५ डिसेंबर २०२३ ला. त्या चाळींतून वाढलेली मुलं पण इंटरव्ह्यू देतात, त्यांना विचारा लाँग टर्म म्हणजे किती.

पण पॅनलच्या बाजूने सांगायचं तर ह्या प्रश्नामागे दोनच भीती असतात. एक, ह्याला शिकवू आणि सहा महिन्यांत हा पुण्याला पळेल. पिथमपूरची ही खरी रड आहे, विशेषतः आपल्या मराठी मुलांची, प्रत्येकाचा एक मामा हडपसरला नाहीतर चिंचवडला असतोच. आणि दुसरी, ह्याला हे काम पुढे कुठे जातं ते ठाऊक तरी आहे का, की नुसती खुर्ची हवीय.

म्हणून मी त्याला विचारलं, "पुढे काय ठरवलंयस?" म्हणजे लग्नाच्या बोलणीत विचारतात तसं. तर म्हणे, "इंदूर नाही सोडणार मावशी, आई एकटी आहे. आणि बिलं बनवून कंटाळा आलाय, मला भाडं ठरवायला शिकायचंय, कुठली गाडी कुठल्या रस्त्याने आणि कितीला, मालक ते स्वतः करतात, शिकवत नाहीत."

बघा, दोन्ही भीतींचं उत्तर दोन वाक्यांत आलं, आणि त्याला वाटत होतं हे सांगायचं नसतं! म्हणे आईचं सांगितलं तर बायकी वाटेल आणि शिकवत नाहीत म्हटलं तर तक्रार वाटेल. दुसरं त्याचं बरोबर होतं, ते आम्ही बदललं, मालकाची तक्रार काढली, भाडं शिकायचंय एवढं ठेवलं. आईचं मी ठेवायला लावलं. एचआरवाली ते ऐकून तिच्या कागदावर टिक करणार हे मी लिहून देते.

आणि थोडा आकडा घाल, म्हटलं. म्हणजे "खूप शिकायचंय" नको, किती, कधीपर्यंत. त्याच ट्रेनिंगमध्ये ऐकलेली ही दुसरी गोष्ट, डिस्पॅचवाली म्हणून माझ्या डोक्यात पक्की बसली. ओक्लाहोमात लाकडाचे ओंडके वाहणारे ट्रक होते, ड्रायव्हर कायद्याने चालतं त्याच्या साधारण ६० टक्केच वजन भरायचे, जमेल तेवढं चांगलं करा असं सांगून झालेलं होतं, काही फरक नाही. मग त्यांना आकडा दिला, ९४ टक्के. काही महिन्यांत ९० च्या आसपास भरायला लागले. लॅथम आणि बाल्ड्स ह्यांनी हे १९७५ मध्ये छापलं. आमच्याकडे उलट असतं, आमच्या गाड्या १०० च्या खाली आणायला आकडा द्यावा लागेल, ते जाऊ द्या. तर भाच्याने आकडा बसवला, की पहिल्या वर्षात मुंबई आणि अहमदाबाद ह्या दोन रूटचं भाडं मी स्वतः ठरवू शकेन इतकं शिकायचंय. दोनच रूट. मला आवडलं, कारण दोन म्हणणारा माणूस मोजून बोलतो असं वाटतं.

मग उरलं इंग्लिश करणं. हे ज्याला त्याला जमेल तसं. मी त्याला म्हटलं आधी सगळं असं बोल जसं आत्ता बोललास, ज्या भाषेत आईशी भांडतोस त्या भाषेत, आणि मग एकेक वाक्य तिकडे ने, छोटी छोटी वाक्यं, अडलास तर सरळ हिंदीत जा. पिथमपूरला पॅनल दुसऱ्या मिनिटाला स्वतःच हिंदीवर येते, सुरुवातीचं इंग्लिश फक्त टाय लावण्यापुरतं असतं. त्याने तीन वेळा म्हणून दाखवलं. पहिल्यांदा सेंधव्याची गोष्ट सात मिनिटं चालली, त्यात क्लच प्लेटचं पूर्ण चरित्र, शेवटी दोन मिनिटांवर आणली. भुट्ट्याचा कीस काढून टाक म्हटलं तर ऐकेना, मग मला पण वाटलं राहू दे, रविवारी रात्री कुठे होतास हे त्यातून कळतं.

बुधवारी दुपारी दीडला त्याचा फोन आला, राऊच्या चौकात बसची वाट बघत होता, मागे हॉर्न.

मी विचारलं, गोल विचारला? म्हणे नाही. मोटिव्हेशन? नाही. एचआरवाल्यांनी विचारलं कल पूरे दिन में क्या क्या किया, मी चारच्या अलार्मचं सांगितलं, आणि तिथे जे डिस्पॅचचे साहेब बसले होते त्यांची मागच्याच महिन्यात गाडी धरली गेली होती बिलावरून, ते खुर्ची पुढे ओढून बसले, मग सेंधवा, मग त्यांची गाडी कशी धरली ते त्यांनी मला सांगितलं, वीस मिनिटं तेच चाललं.

मग?

"मग त्यांनी विचारलं जॉइन कधी करू शकता, नोटीस पिरियड किती. आणि मावशी, त्याचं आपण काहीच ठरवलं नव्हतं ना."

मग काय सांगितलंस?

"मम्मी से पूछ के बताता हूँ, असं निघून गेलं तोंडातून."